पिवळ्या माशाचा नवस

गहिनीनाथ मासळी खात नाही. तरीही कडा गावच्या आठवडी बाजारात त्याचा पहिला फेरा मासळीच्या ओळीतच असतो. मेंढरं राखणाऱ्या माणसानं बाजारात यावं, मीठ घ्यावं, तंबाखूची पुडी घ्यावी, लोकर कातरायच्या कातरीला धार लावून घ्यावी आणि ऊन चढायच्या आत माघारी जावं. हा गडी मात्र आधी माशांच्या टोपल्यांपाशी जातो, पटका मागं सारतो, गुडघ्यांवर हात टेकून वाकतो आणि एकेक मासा असा निरखतो की बघणाऱ्याला वाटावं, हा लेकासाठी मुलगी बघायला आलाय. घेत काहीच नाही. नव्यानं बसलेली एखादी बाई चिडते आणि म्हणते, “घ्यायचं नसंल तर उजेड तरी सोडा, बाबा.” जुन्या बायांना मात्र सगळं ठाऊक आहे.

“आलात का बापू?” सत्यभामा लांबूनच हाळी देते. ही भोयाची बाई, पुढ्यात विळी, तोंडात पान, आणि जीभ विळीपेक्षा जोरात चालणारी. “रोहू हाय, कटला हाय, मरळ हाय. तुमचा पिवळा तेवढा आज बी न्हाई आला बगा.”

“यील, यील,” गहिनीनाथ म्हणतो आणि पुढच्या टोपलीकडं सरकतो.

सत्यभामेच्या आधी या जागेवर तिची सासू बसायची. तिलाही गहिनीनाथानं हेच विचारलं होतं: पिवळा मासा कुठं मिळतो? हळदीसारखा पिवळा, डोक्यापासून शेपटीपर्यंत, मधे एक ठिपकासुद्धा नाही. सासूनं तेव्हाच सांगितलं होतं की असा मासा तिनं बघितला नाही आणि तिच्या बापानंही बघितला नव्हता. पण नाही म्हटल्यानं ज्याचं कुतूहल विझतं, तो गहिनीनाथ नव्हे. आणि हे नुसतं कुतूहलही नव्हतं. त्या पिवळ्या माशाचं या माणसाच्या जिवावर देणं होतं.

ते असं. गहिनीनाथाच्या घरी देव्हाऱ्यात बिरोबाच्या टाकाशेजारी एक जुनी तसबीर आहे. तसबिरीत देव नाही, मासा आहे. एकटाच मासा, आडवा, पाण्याशिवाय आणि शेवाळाशिवाय, नुसत्या कागदावर ठेवल्यासारखा. त्याचा एकेक खवला बारीक काळ्या रेघांनी असा काढलाय की डोळे चांगले असणाऱ्यानं बसून मोजावा. अंग पिवळंधमक. कपाळावर कुंकवाचा जाड थर. तोंडाच्या जागी नुसता तेलकट डाग. खाली काही अक्षरं होती, पण कधीकाळी कुणी चौकटीत बसवताना कागद कापला आणि अक्षरं कमरेपासून खाली तुटली. राहिलेल्या टोकांवरून ती इंग्रजी असावीत एवढंच कळायचं, आणि तेही घरात इंग्रजी वाचणारं कुणी झाल्यावर.

ही तसबीर घरात आणली गहिनीनाथाच्या आज्ज्यानं, बजरंगनं. उन्हाळ्यात हे लोक मेंढरं घेऊन गंगथडीला उतरायचे. गोदावरीला तिकडं सगळे गंगाच म्हणतात. तिथले शेतकरी आपल्या मोकळ्या वावरात रात्री मेंढरं बसवून घ्यायचे. लेंड्या-मुताचं खत वावराला, आणि त्याबदल्यात धनगराला धान्य, असा रिवाज. एका साली उमापूरच्या एका मोठ्या जमीनदाराच्या वावरात बजरंगचा कळप बसला होता. जमीनदाराच्या वाडवडिलांपैकी कुणीतरी हैदराबादेत एका साहेबाच्या सामानाच्या लिलावातून चित्रं आणली होती, ती बैठकीत टांगलेली. बाकीची पाखरांची आणि फुलांची होती, एक माशाचं. बजरंग धान्य मागायला ओसरीवर गेला आणि ते बघून तिथंच खाली बसला. मच्छिंदरनाथ माशाच्या पोटी जन्मले हे कड्याकडच्या पोराटोरांनाही माहीत आहे. त्यांच्या समाधीचा मायंबाचा गड त्या मुलखापासून कितीसा लांब! बजरंग हात जोडून म्हणाला, “मालक, ज्वारी ऱ्हाऊ द्या. ही नाथाची माय मला द्या.”

मालक हसले असतील. पण दिली. चित्राची काच तेव्हाच तडकलेली होती, कळपाबरोबर गाढवावर लादून आणताना उरलीसुरली गेली. घरी आल्यावर माशाला देव्हाऱ्यात बसवलं आणि देवाचं जे जे करायचं ते ते सुरू झालं. दर रविवारी भंडारा वाहायचा. सणावाराला कुंकू. वर्षातून एकदा मलिदा, तुपात भिजवलेला, आणि तो नुसता पुढं ठेवायचा नाही तर माशाच्या तोंडाला लावायचा. घरात मासळी शिजणं बंद. मटण चालायचं, त्या बाबतीत बजरंगच्या घराण्यानं देवाला फार मनावर घेऊ दिलं नाही.

बजरंगचा मुलगा नाथा मोठा झाला, त्याला मूल झालं, त्याचं नाव गहिनीनाथ ठेवलं. हे पोर नीट चालायला लागलेलं, बोलायला शिकलेलं, पण अक्कल अजून यायची होती अशा वयात बापाबरोबर गंगथडीला गेलं. मेंढरं पाण्यावर लावली होती. एक कोकरू पाण्यात सरकलं म्हणून हे त्याच्या मागं गेलं आणि डोहात नाहीसं झालं. नाथाला पोहता येत नव्हतं. काठावरून तो ओरडला, छाती पिटली, आणि शेवटी पाण्याकडं तोंड करून बोलला, “आमच्या देव्हाऱ्यातल्या माशा, माझं पोरगं भाईर काड. तुझा जोडीदार माझ्या हातानं ह्याच पाण्यात सोडीन.” पलीकडच्या काठावर भोई जाळं ओढत होते. त्यांच्या जाळ्यात पोरगं आलं, माशांबरोबर. उलटं धरून पाणी काढलं, तेव्हा रडलं. कोकरूही वाचलं म्हणतात, पण ते बहुतेक नंतर कुणीतरी गोष्टीत घातलेलं असावं.

पोर हाती आलं आणि नवस अंगावर आला. नाथा त्याच भोयांकडं गेला. देव्हाऱ्यातल्या माशाचं वर्णन केलं. त्यातला म्हातारा भोई म्हणाला, “अंगलट तर रोहूची सांगतोस. पर रोहू पिवळा नसतोय.” नाथानं ते पहिलं वाक्य सोडून दिलं आणि दुसरं मनात धरलं. रोहू पिवळा नसतो, म्हणजे हा रोहू नव्हे. मग हा कोण? पुढच्या साली तसबीरच पोत्यात गुंडाळून गंगेवर नेली. भोयांनी ती हातात घेतली, फिरवून बघितली, आणि त्यातला एक वैतागून म्हणाला, “पाव्हणं, मासा त्वांडावरनं वळखायचा असतोय. तुमी त्याला खाऊ घालून घालून त्वांडच घालवलंय की.”

नाथा उरलेलं आयुष्य तो मासा शोधत राहिला. मेंढरांमागं जिथं जिथं पाणी लागेल तिथं थांबायचा, ओढा असो की तळं असो की धरण. कुणी सांगितलं माजलगावच्या धरणात रंगीत मासे आहेत, तर वाट वाकडी करून दिंद्रुडवरून तिकडं गेला. तिथं मिळाली ती काळपट चिलापी. लोक म्हणायचे, रोहूच सोड की एखादा. नाथा म्हणायचा, देवाला बोललो एक आणि दिलं दुसरं, तर त्याला नवस म्हणत्यात का? शेवटी अंथरुणाला खिळला तेव्हा त्यानं गहिनीनाथाचा हात तसबिरीवर ठेवला. “माझं ऱ्हायलं. तू सोड,” एवढंच बोलला. आपण ज्याच्यामुळं श्वास घेतोय ते देणं बापाच्या छातीवर राहिलं, याचं गहिनीनाथाला तेव्हापासून फार वाटायचं. बापाला तो दादा म्हणायचा. मेंढरांमागं एकटा चालताना अजूनही म्हणायचा.

त्याची बायको भामाबाई हा नवस कुणाला विसरू देत नव्हती. मेंढरांत रोग आला, नवस. गहिनीनाथाचा पाय मुरगळला, नवस. शेजाऱ्याची बोअर लागली आणि यांची कोरडी गेली, तोही नवसच. “लोक देव पाण्यात घालून बसत्यात,” ती म्हणायची, “आन् आमचा देव पाण्यात जायचा म्हणून आमी बसलोय.” तिची चेष्टा खरी चेष्टा नसायची. नवस फिटला नाही तर तो पुढच्या माणसावर जातो, असं ती मानायची, आणि पुढचं माणूस म्हणजे घरात एकच होतं: लेकीची लेक ऋतुजा, आज्ज्याकडं राहून कॉलेजला जाणारी.

या वर्षी गोष्ट निकराला आली, कारण गहिनीनाथाच्या गुडघ्यांनी जाब विचारायला सुरुवात केली. दिवाळीनंतर कळप पुतण्याच्या हवाली करायचं ठरलं. कळप गेला की गंगथडीची वाट बंद. मग पिवळा मासा शोधायचा तरी कुठं, अंगणात?

ऋतुजानं आपल्या परीनं मदत केली. तसबिरीचा फोटो काढून फोनला विचारलं. फोननं क्षणभर विचार केला आणि काचेच्या पेटीत पाळायचे शोभेचे मासे दाखवले, परांना झालरी असलेले. गहिनीनाथ एकदम सरसावून बसला.

“हे कुठं घावत्यात?”

“पुण्यात. दुकानात मिळतात, आबा. पण हे एवढे एवढेच असतात,” तिनं बोटाची दोन पेरं दाखवली. “आणि खवले जुळत नाहीत.”

“मंग त्यो कावून दाखवतोय?”

“त्याला पिवळा रंग दिसला, त्यानं पिवळे दाखवले.”

“म्हंजे आमच्या दादांसारखाच हाय की तुझा फोन,” गहिनीनाथ म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला स्वतःलाच त्या वेळी कळलं नाही.

मग एका सकाळी भामाबाईला देव्हाऱ्यात तसबिरीखाली भुसा दिसला. वाळवी. चौकटीची खालची पट्टी बोट लावताच आत गेली. तिनं कपाळावर हात मारला आणि नवऱ्याला म्हणाली, “आता तर देव बी चालला. आजच्या आज चौकट बदलून आणा.” ऋतुजानं तसबीर स्वच्छ धोतरात गुंडाळली आणि दोघं आजा-नात कड्याला निघाली. योगायोगानं बाजाराचाच दिवस होता.

कड्यात लखनचं चौकटी बनवायचं दुकान आहे. धंदा बारमाही: या तालुक्यात निवडणूक नसेल तर सत्कार असतो, सत्कार नसेल तर कुणीतरी वारलेलं असतं, आणि तिन्हीला काच लागते. भिंतीवर हार घातलेले आणि हाराची वाट बघणारे पुढारी शेजारी शेजारी लावलेले होते. लखननं धोतराची गुंडाळी सोडली आणि पिवळा मासा बघून हात कपाळाला लावला. मग मागचे खिळे उपटायला घेतले.

“बापू, हात लावायच्या आधी सांगतो, कागद लई जुना हाय. फाटला तर माझ्या नावानं वरडायचं न्हाई.”

“फाटू देऊ नको म्हंजे वरडायचा न्हाई.”

पट्ट्या निघाल्या. लखननं कागद दोन्ही तळव्यांवर उचलून टेबलावर ठेवला, आणि तिघांचेही डोळे शेपटीवर गेले.

चौकटीची उजवी पट्टी माशाच्या शेपटीवर बसलेली होती. बसवणाऱ्यानं घाईत बसवली असेल. शेपटीचं टोक आजवर पट्टीखाली झाकलेलं होतं, तिथं भंडाऱ्याचा कण पोहोचला नव्हता. ते टोक पिवळं नव्हतं. निळसर करड्या रंगाचं होतं, आणि कडेला तांबूस झाक होती, इतकी ताजी की परवा कुणी लावली असावी. पट्टीची कड जिथं होती तिथं सरळ रेघ पडली होती. रेघेच्या अलीकडं सगळा हळदीचा मुलूख आणि पलीकडं हे.

गहिनीनाथानं बोट पुढं नेलं, आणि न टेकवताच मागं घेतलं.

“आबा,” ऋतुजा हळूच म्हणाली, “मासा पिवळा नाहीच. पिवळा आपण केलाय.”

लखन चष्मा लावून शेपटीवर वाकला होता. “आन् ही बगा गंमत. रेघा छापलेल्या हायत, पर रंग छापलेला न्हाई. हातानं भरलाय. हितं बगा, रंग रेघेच्या भाईर गेलाय जरासा. कुणाचा तरी हात हालला.”

गहिनीनाथ त्या रेघेबाहेर गेलेल्या रंगाकडं बघत राहिला. हा मासा कुणी काढला, हा प्रश्न त्याला आयुष्यात पडला नव्हता. मासा होता, जसे डोंगर असतात. आता एकाएकी कागदामागं कुणीतरी बसलेलं दिसायला लागलं, कुंचला घेऊन वाकलेलं, आणि क्षणभर हात हललेलं.

लखननं वाळवीची भोकं बघायला कागद उचलून उन्हासमोर धरला. बाकीचा कागद आंधळाच राहिला. पण तोंडाच्या जागी, जिथं वर्षानुवर्षं तुपातला मलिदा लागला होता, तिथं कागद तूप पिऊन पारदर्शक झाला होता. उजेड आरपार आला आणि कुंकू-तुपाच्या खाली दडलेल्या काळ्या रेघा उठून दिसल्या. माशाला तोंड होतं. खालच्या अंगाला वळलेलं, जाड ओठांचं, ओठाची कड बारीक झालरीसारखी.

“सत्यभामेला हाक मार,” गहिनीनाथ म्हणाला.

सत्यभामा हात पुसत आली, येताना टोपलीतला एक मासा घेऊनच आली, कारण तिला निरोप अर्धाच कळला होता. लखननं कागद पुन्हा उन्हात धरला. तिनं तोंड बघितलं, शेपूट बघितली, आणि हातातला मासा शेपटीशेजारी नेला. तीच निळसर करडी झाक, तोच तांबूस काठ, शेपटीला मधे तशीच खाच.

“बापू,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, “रोहू हाय ह्यो. चांगला पोसलेला रोहू.” मग राहवेना म्हणून बोललीच, “काखेत कळसा आन् गावाला वळसा!”

कुणालाही वाटेल, गहिनीनाथाला आनंद झाला असेल. झाला नाही. तो दुकानाच्या पायरीवर बसला आणि त्याला रडू आलं. पहिल्याच दिवशी पहिल्याच भोयानं दादाला खरं सांगितलं होतं. दादा तो एक शब्द मागं टाकून पुढं चालत गेला आणि मरेपर्यंत थांबला नाही. आणि स्वतः गहिनीनाथ? दर आठवड्याला टोपल्यांपाशी वाकून त्यानं ज्याला बघितलं आणि सोडून दिलं, ज्याचे तुकडे होताना समोर उभा राहिला, तो तोच होता. जिवावर उदार होऊन ज्याला शोधावं त्याचे वाटे लावलेले बघावे, याला काय म्हणायचं? “माझा बाप येडा ठरला का गं?” त्यानं नातीला विचारलं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

एस.टी.ची वाट बघताना ती फोनमध्ये काहीतरी वाचत होती. तिनं सांगितलं की रंग छापायची सोय नव्हती त्या काळात अशी चित्रं हातानं रंगवायचे. एक माणूस नमुना रंगवायचा आणि बाकीचे, कितीदा तर बाया आणि लहान मुलं, रांगेत बसून त्याच्याबरहुकूम एकेक प्रत रंगवायची. दूर विलायतेत बसून हिंदुस्थानातला मासा रंगवायचा, तोही नमुन्यावरून.

“म्हंजे रंग देणाऱ्या बाईनं मासा बघितलाच नसंल?”

“नसेलच बहुतेक.”

“आमी बी न बघताच दिला की,” तो म्हणाला.

घरी भामाबाईनं सगळं ऐकून घेतलं. आधी तिचा चेहरा पडला. इतक्या वर्षांचा भंडारा तिनंच तर वाहिला होता, सासूच्या हातून घेतलेलं काम मोडलं नव्हतं. आपण देवाचं रूपच झाकून टाकलं की काय, या विचारानं ती हबकली. मग नवऱ्याकडं बघितलं. तो भिंतीला टेकून म्हणत होता की आता नवस फिटायचाच नाही. रोहू सोडावा, तर दादानं मागितला होता पिवळा. पिवळा सोडावा, तर तो जगातच नाही.

“दादांनी पिवळा मागितलाच नव्हता,” भामाबाई म्हणाली. “तुमीच सांगता की. आमच्या देव्हाऱ्यातल्या माशाचा जोडीदार, आसं बोलले व्हते.”

“त्यो पिवळाच व्हता न्हवं देव्हाऱ्यात.”

“व्हता. कारण आपण त्याला हळद लावलीती.” तिच्या डोळ्यांत जुनी धार परत आली. “आवो, आपल्या लग्नात तुमाला हळद लावली, तवा तुमी दुसरं कुणी झालता का? मला तर ह्योच नवरा पदरात पडला. रोहूला भंडारा लावायचा आन् सोडायचा. देव्हाऱ्यातला बी आसाच तर झालाय.”

गहिनीनाथानं तिच्याकडं बघितलं. इतक्या माणसांना विचारलं, धरणं पालथी घातली, आणि हे डोकं चुलीपुढं बसलं होतं. तो हसायला लागला, आधी नाकातल्या नाकात आणि मग चांगला खदखदून. ऋतुजाही हसली. भामाबाईनं दोघांना दटावलं आणि भंडाऱ्याची पिशवी भरायला उठली.

सत्यभामेचं माहेर गंगेच्या काठी निघालं, उमापूरच्या खालच्या अंगाला. तिनं भावाला फोन केला. ठरलेल्या सकाळी गहिनीनाथ, भामाबाई आणि ऋतुजा नवसाच्या डोहावर पोहोचली तेव्हा सत्यभामेच्या भावानं जाळं काठाशी ओढून ठेवलं होतं, पाण्यातच, मासे जिवंत राहावेत म्हणून. डोह गहिनीनाथाला ओळखू आला नाही. वाळू उपसून काठ बदललेला, पलीकडं पाण्याच्या मोटारींची रांग. पण पाणी तेच हिरवट होतं. इतक्या वर्षांत त्यानं मेंढरं गंगेवर पाजली होती, पण स्वतः घोट्याच्या वर पाण्यात गेला नव्हता.

“या आत,” भोई म्हणाला. “भ्याऊ नका. मी धरतो.”

गहिनीनाथ गुडघाभर पाण्यात उतरला. भोयानं जाळ्यातला मासा निवडून त्याच्या दोन्ही हातांत दिला. जिवंत मासा त्यानं जन्मात पहिल्यांदा धरला. त्याला वाटलं होतं थंडगार आणि बुळबुळीत लागेल. तसा लागलाच, पण आत कळपातल्या कोकरासारखी धडधड होती, हे कुणी सांगितलं नव्हतं. भामाबाई साडी खोचून मागोमाग उतरली होती. तिनं ओल्या हातानं भंडारा घेतला, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच हात फिरवला, नवऱ्यामुलाच्या गालावरून फिरवतात तसा, आणि मागं सरली.

मग गहिनीनाथानं बघितलं. त्याच्या हातात, उन्हात, पिवळाधमक मासा होता. आडवा, खवल्यांच्या रांगाच रांगा, गोल डोळा. तोच. बापानं मरेपर्यंत शोधलेला आणि जगात कुठंच नसलेला. फक्त याला तोंड होतं, आणि ते उघडत मिटत होतं, काहीतरी मागत असल्यासारखं.

“पानी मागतोय,” भोई म्हणाला. “सोडा लवकर.”

गहिनीनाथ वाकला आणि हात पाण्यात नेले. मासा लगेच गेला नाही. दोन तळव्यांमधे तसाच थांबला, पिवळा, कल्ले हलवत. मग अंग झटकलं. पाण्यात हळदीचा लोट उठला, आणि त्या लोटाखालून एक निळसर करडी पाठ खोल डोहाकडं निघून गेली. रंग वर राहिला, थोडा वेळ तरंगला, पसरला, आणि धारेबरोबर खाली वाहत गेला.

काठावर ऋतुजा फोन हातात घेऊन उभी होती, पण फोटो काढायचा राहून गेला. भामाबाईनं डोळ्यांना पदर लावला. गहिनीनाथ मात्र रडला नाही. ज्या पाण्यानं त्याला एकदा आत ओढलं होतं त्या पाण्यात तो सरळ उभा राहिला, आणि समोर कुणी माणूस असावं तसं मोठ्यानं बोलला.

“दादा, सोडला बगा. पिवळाच व्हता. तुमी येडे नव्हता. आपल्याच हातात व्हता त्यो, म्हणून भाईर कुठं घावत नव्हता.”

काठावर आल्यावर सत्यभामेच्या भावानं हात धुवायला तांब्या पुढं केला. गहिनीनाथानं आपल्या पिवळ्या झालेल्या तळव्यांकडं बघितलं आणि म्हणाला, “ऱ्हाऊ द्या थोडा येळ.”

लखननं दिलेली नवी चौकट जरा मोठी आहे, आणि तिला काच आहे. शेपटीचं टोक आता झाकत नाही. भामाबाई रविवारी भंडारा काचेवर वाहते, सोमवारी सकाळी फडक्यानं पुसते, आणि शेपटीपाशी आल्यावर हात जरा सावकाश करते.